गुलमर्गला जाताय? मग तिथेच राहा

आपल्याकडच्या काश्मीर सहलीचा एक ठरलेला साचा आहे. पहिल्या दिवशी श्रीनगर, दुसऱ्या दिवशी गुलमर्ग, तिसऱ्या दिवशी पहलगाम, मध्ये एक रात्र हाउसबोटीवर आणि परतीच्या सामानात अक्रोड-केशराच्या पिशव्या. या साच्यात गुलमर्गच्या वाट्याला जेमतेम पाच-सहा तास येतात. त्यात गोंडोला या रोपवेची रांग, गरमागरम मॅगी, फोटो, आणि ‘साहब, स्की करोगे?’ म्हणत मागे लागलेल्या माणसाने पायांत अडकवलेल्या पट्ट्यांवर त्याच्याच खांद्याला धरून टाकलेली वीस पावलं. घरी आल्यावर ‘आम्ही स्कीइंगपण केलं’ असं सांगता येतं. पण स्कीइंग म्हणजे ते नव्हे.

खरोखर शिकायचं असेल तर साचाच बदलावा लागतो. एक आठवडा आणि एकच गाव. सहलीच्या पत्रकात हे फार कंटाळवाणं दिसेल, टूरवाला तोंड वाकडं करेल, घरातलं कुणीतरी ‘एवढ्या लांब जाऊन एकाच ठिकाणी बसायचं?’ असं विचारेल. पण स्कीइंग हे बघायचं स्थळ नाही, ते शरीराला लावायचं वळण आहे. पहिले दोन दिवस पडण्यात जातात, तिसऱ्या दिवशी मांड्या इतक्या भरून येतात की जिना उतरताना कठड्याला धरावं लागतं, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी अचानक पाय ऐकायला लागतात. नेमक्या त्या दिवशी तुमची गाडी पहलगामकडे निघालेली असेल, तर आधीचे सगळे पैसे वाया गेले म्हणून समजा.

या लेखात गुलमर्गच डोळ्यांसमोर ठेवलं आहे, कारण भारतात स्कीइंगसाठी त्याला तोड नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवरचं हे पठार, मागे अफरवटचा डोंगर आणि त्यावर जाणारा गोंडोला. इंग्रजांच्या काळात, १९२७ साली, दोन लष्करी अधिकाऱ्यांनी इथे स्की क्लब ऑफ इंडिया सुरू केला. १९४८ साली लष्कराने स्कीइंगची शाळा काढली, तीच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. गोंडोलाचा पहिला टप्पा १९९८ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये सुरू झाला. दुसरा टप्पा थेट ३,९५० मीटरच्या आसपास नेऊन सोडतो. एवढ्या उंचीवरून कोरड्या, भुसभुशीत बर्फातून उतरायला मिळतं म्हणून युरोप-अमेरिकेतले पट्टीचे स्कीअर इथे दरवर्षी येऊन राहतात. पण नवशिक्याच्या दृष्टीने गुलमर्गची खरी दौलत खाली पठारावर आहे. गोल्फच्या मैदानालगतचे बुटके, मोकळे, कुठेही थांबता येईल असे उतार.

आता तारखांचं बघू. मराठी घरात सहल ठरते ती मुलांच्या सुट्टीप्रमाणे, आणि इथेच घोळ होतो. दिवाळीत स्कीइंगचा बर्फ नसतो. मे महिन्यात अफरवटच्या माथ्यावर बर्फ दिसतो, पण तो स्लेजवर बसून आरडाओरडा करण्यापुरता. उरला नाताळचा आठवडा. त्या काळात हॉटेलं सगळ्यात महाग, गर्दी सगळ्यात जास्त आणि बर्फ सगळ्यात बेभरवशाचा. काश्मीरमधली कडाक्याच्या थंडीची चाळीशी, चिल्लई कलान, २१ डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारीच्या अखेरीला संपते. पण थंडी पडली म्हणजे बर्फ पडला असं नाही. बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात, आणि त्यांचं वेळापत्रक कुणाच्या हातात नाही. जानेवारी २०२४ मध्ये ऐन चिल्लई कलानात गुलमर्गची मैदानं तपकिरी पडली होती, जवळपास महिनाभर लोक कोरडं गवत बघून परतले. २०२५ मध्ये बर्फ नाही म्हणून इथले ‘खेलो इंडिया’चे हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले.

म्हणून जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीची अखेर एवढ्या काळातच तारखा शोधा. त्यातही प्रजासत्ताक दिनाच्या आसपास काश्मीरमध्ये बंदोबस्त कडक असतो, तपासण्या वाढतात, आणि जोडून सुट्टी आली तर गर्दीही. फेब्रुवारीचे मधले दोन आठवडे मला सगळ्यात बरे वाटतात. बर्फ पुरेसा साठलेला असतो, दिवस थोडे मोठे झालेले असतात. मुलांच्या शाळेचं काय, असं विचाराल तर सहावी-सातवीपर्यंतच्या मुलाची फेब्रुवारीत आठवडाभर शाळा बुडाली तर काही बिघडत नाही. दहावी-बारावीवाल्यांनी मात्र एक वर्ष थांबावं, कारण त्यांच्या परीक्षा तेव्हाच असतात.

विमानाची तिकिटं काढताना दोन्ही बाजूंना एकेक दिवस जास्तीचा ठेवा. बर्फ पडायला लागला की श्रीनगरची विमानं रद्द होतात, आणि ज्या बर्फासाठी आपण चाललोय त्यानेच आपल्याला अडवलं म्हणून चिडण्यात अर्थ नाही. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत वंदे भारत रेल्वे धावते आहे. विमान रद्द झालं तर हा आता खरा पर्याय आहे, पूर्वी नव्हता. तिकिटं रद्द करता येणारी घ्या, हॉटेलला रद्द करण्याच्या अटी लेखी विचारा. एप्रिल २०२५ मधल्या पहलगामच्या हल्ल्यानंतर काश्मीरमधली बरीच पर्यटनस्थळं काही काळ बंद ठेवली होती. तेव्हा निघण्याआधी सरकारी सूचना बघणं हा तयारीचा भागच समजायचा.

श्रीनगर ते गुलमर्ग अंतर ५० किलोमीटरच्या आसपास आहे. त्यातलं शेवटचं, तंगमर्गपासूनचं तेरा किलोमीटर हीच काय ती अडचण. बर्फ असला की साधी टॅक्सी तंगमर्गलाच थांबते आणि पुढे साखळ्या लावलेल्या किंवा फोर-बाय-फोर गाड्यांतून जावं लागतं. तंगमर्गला उतरल्याबरोबर गमबूट आणि जुनाट ओव्हरकोट भाड्याने देणारे गराडा घालतील, ‘वर गेल्यावर मिळणार नाही’ असं बजावतील. स्की करणाऱ्याला यातलं काहीही लागत नाही. हसून पुढे जा. स्वस्त पडतं म्हणून तंगमर्गला राहून रोज वर-खाली करण्याचा सल्लाही काहीजण देतात. एका दिवसाच्या सहलीला तो ठीक आहे. शिकायला जाणाऱ्याचे मात्र रोज दीड-दोन तास रांगेत जातात आणि सकाळचा सर्वांत चांगला बर्फ हकनाक हातचा जातो.

हॉटेल ठरवताना खिडकीतून काय दिसतं हे विचारण्याआधी खोली गरम कशाने होते ते विचारा. वीज गेल्यावर जनरेटर किती वेळ चालतो? गरम पाणी कोणत्या वेळी येतं? ओले बूट-हातमोजे वाळवायला जागा आहे का? इलेक्ट्रिक ब्लँकेट असेल तर उत्तम. लाकडावर चालणारी शेगडी, म्हणजे बुखारी, असेल तर रात्री झोपताना ती पूर्ण विझली आहे का बघा आणि खिडकीची एक फट उघडी ठेवा. बंद खोलीत कोळशा-लाकडाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता माणसाला झोपेतच संपवतो. निखारे भरलेली कांगडी पांघरुणात घेऊन झोपण्याची हौस तर अजिबात करू नका. ती सांभाळायची सवय काश्मिरी माणसाला लहानपणापासून असते, आपल्याला नसते.

पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, याचा माझा हिशोब सरळ आहे. हॉटेल एक पायरी खालचं चालेल, प्रशिक्षक नाही.

शिकण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला, सरकारी संस्थेचा अभ्यासक्रम. गुलमर्गमध्ये केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनिअरिंग आहे. पहलगामची जवाहर इन्स्टिट्यूट आणि मनालीची अटलबिहारी वाजपेयींच्या नावाची गिर्यारोहण संस्थाही हिवाळ्यात स्कीइंगचे वर्ग घेतात. औलीला गढवाल मंडल विकास निगमाचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग असतात. इथे शिस्त असते, शिट्टी वाजली की उठायचं, रांगेत उभं राहायचं, बरोबरीला देशभरातली मुलं. शुल्कात राहणं, जेवण, साहित्य यांतलं काय धरलं आहे ते प्रत्येकाच्या पत्रकात नीट वाचा, वयाची अट आणि डॉक्टरच्या प्रमाणपत्राची मागणीही तिथेच लिहिलेली असते. जागा लवकर भरतात, त्यामुळे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासूनच त्यांच्या संकेतस्थळांवर लक्ष ठेवायचं. एकट्या-दुकट्या तरुणाने हाच रस्ता धरावा.

दुसरा रस्ता खासगी प्रशिक्षकाचा. कुटुंब असेल, वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर हा बरा. गुलमर्गमध्ये शिकवणाऱ्यांची वाण नाही, निवडण्याचीच पंचाईत आहे. पर्यटन खात्याकडे नोंद असलेल्याचं ओळखपत्र बघा. दिवसाचे किती तास, त्यात लिफ्टचा खर्च कुणाचा, एका वेळी किती शिकणारे, हे आधी ठरवा. एका प्रशिक्षकामागे तीन-चारांहून जास्त नवशिके नकोत. आणि पहिल्या दिवशी त्याच्याकडे लक्ष ठेवा. तो तुम्हाला पडल्यावर स्वतः उठायला शिकवतो, की हात देऊन उठवतो? हात देणारा माणूस प्रेमळ असतो, पण त्याच्या हाताखाली तुम्ही आठवडाभर पर्यटकच राहाल.

आता बुटांकडे येऊ, कारण निम्म्या लोकांची स्कीइंगची हौस बुटांमुळेच मरते. साहित्य भाड्याने मिळतं, सरकारी दुकानातही आणि बाजारातही. दर्जा मात्र दुकानागणिक बदलतो. पहिल्या दिवशी सकाळी घाईने घेऊ नका, आदल्या दिवशी दुपारी निवांत जा. स्कीच्या बुटाचं माप नेहमीच्या नंबरात नसतं, पावलाच्या लांबीच्या सेंटिमीटरमध्ये असतं. घरूनच भिंतीला टाच टेकवून दोन्ही पावलं मोजून न्या. मोजा एकच, पातळ, गुडघ्याच्या खालपर्यंत येणारा. थंडी वाजेल म्हणून दोन-दोन मोजे चढवणारे हमखास गारठतात, कारण आवळलेल्या पायात रक्त फिरत नाही. थर्मलचा पायही बुटात खोचायचा नाही, त्याची घडी दिवसभर नडगीत रुतते. बुटात मोजा आणि पाय, तिसरं काही नाही.

पाय आत घातल्यावर टाच जमिनीवर दोनदा आपटा म्हणजे ती मागे बसते. मग आधी घोट्यावरची कडी लावा, नंतर बाकीच्या. बोटांवरची सैलच असू दे. सरळ उभं राहिलात की बोटं पुढे किंचित टेकायला हवीत, आणि गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर दाबली की बोटं मागे सरकायला हवीत. टाच वर उचलून बघा. उचलली गेली तर बूट मोठा. हा सगळा खटाटोप करून बूट घालून दुकानातच दहा मिनिटं बसा. दुखणं असेल तर तेवढ्यात कळतं. दुकानदार ‘चलने से ढीला हो जाएगा’ म्हणेल. स्कीचा बूट कडक प्लॅस्टिकचा असतो, तो ढिला होत नाही.

स्कीची लांबी नवशिक्यासाठी हनुवटीपासून नाकापर्यंतच्या उंचीची पुरे. कडा गंजलेल्या नाहीत ना, ब्रेक खाली येतात ना, हे हात फिरवून बघा. बूट स्कीला धरून ठेवतं ते बाइंडिंग, आणि पडल्यावर पाय मोकळा करतंही तेच. पाय पिरगळायच्या आत ते सुटलं पाहिजे, पण वळताना उगाचच सुटता कामा नये. ते किती घट्ट ठेवायचं हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुमचं कौशल्य यांवर ठरतं. तेव्हा वजन सांगताना लाजू नका आणि पाच-सात किलो चोरूही नका. जमलेलं साहित्य आठवडाभरासाठी एकदमच ठरवा, रोज नवी जोडी घेतलीत तर रोज नव्याने सुरुवात होते.

हेल्मेट घ्याच. डोळ्यांवर साधा काळा चष्मा पुरत नाही, बाजूने वारा आणि उजेड दोन्ही शिरतात, गॉगल हवा. चष्मा असणाऱ्यांनी चष्म्यावरून बसणारा गॉगल घ्यावा किंवा काँटॅक्ट लेन्सची सवय महिनाभर आधी करावी. उंची हजार मीटरने वाढली की अतिनील किरणं सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात, आणि ताजा बर्फ त्यातली ऐंशी टक्क्यांपर्यंत किरणं परत तोंडावर फेकतो. म्हणजे सनस्क्रीन नाकावरच नाही, नाकपुड्यांखाली आणि हनुवटीच्या खालच्या बाजूलाही. ढगाळ दिवशीसुद्धा.

कपड्यांत एकच नियम कडक आहे. अंगालगत सुती काही नको. घाम आला की सुती कपडा ओला राहतो आणि थांबल्यावर अंग गार पडतं. जीन्स तर स्कीइंगला सर्वांत वाईट, पडलात की भिजते आणि भिजली की लाकडी होते. आत घाम शोषून बाहेर टाकणारा थर, वर फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि विजार. यातलं बरंच डेकॅथलॉनसारख्या दुकानात मिळतं, किंवा हिमालयात जाऊन आलेल्या ट्रेकर मित्राकडून उसनं मिळतं. हातमोजे दोन जोड्या, कारण एक वाळत घातलेली असेल. माकडटोपी घरी राहू द्या, ती हेल्मेटखाली बसत नाही.

शरीराची तयारी सहा-आठ आठवडे आधी सुरू करा. स्कीइंगचा भार मांड्यांवर, पोटावर आणि गुडघ्यांच्या आजूबाजूच्या स्नायूंवर येतो. पुण्याच्या माणसाला सिंहगडासारखी दुसरी व्यायामशाळा नको. फक्त एक करा, चढण्याइतकंच लक्ष उतरण्यावर द्या. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच जोर लावतात, स्की करतानाही तेच. आठवड्यातून एकदा गड, बाकीचे दिवस भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं, बैठका आणि एका पायावर तोल सांभाळणं. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. स्कीइंगमधल्या गंभीर दुखापतींत गुडघ्याच्या लिगामेंटचा नंबर फार वर लागतो. रक्तदाब, हृदयविकार, दमा असलेल्यांनीही विचारून जावं. अफरवटच्या स्थानकावर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने साधारण साठ टक्केच हाती लागतो आणि गोंडोला तिथवर काही मिनिटांत नेतो. गुलमर्गच्या पठारावर बहुतेकांना फारसा त्रास होत नाही, तरी पहिला दिवस सावकाश काढा, पाणी पीत राहा. थंडीत तहान लागत नाही, पण शरीर कोरडं पडतच असतं.

प्रवास विमा घेताना ‘साहसी खेळ’ वगळले आहेत का ते बारीक अक्षरांत शोधा. बहुतेक साध्या पॉलिसींत वगळलेले असतात.

पहिल्या दिवशी उतारावर नेमकं काय होतं ते सांगतो, म्हणजे घाबरायला होणार नाही. सुरुवातीला एकाच पायात स्की घालून सपाटीवर फिरायचं. मग उताराला आडवं उभं राहून, कडा बर्फात रोवत, पावलापावलाने वर चढायचं. लिफ्ट नंतर. वर गेल्यावर दोन्ही स्कींची टोकं जवळ आणि मागचे भाग लांब, असा त्रिकोण करून घसरायचं. त्रिकोण रुंद केला की वेग कमी होतो, थांबताही येतं. ऐकायला सोपं आहे. पण उतार दिसला की प्रत्येकाचं अंग मागे जातं, पार्श्वभाग खाली बसतो, आणि वजन टाचांवर गेलं की स्की कुणाचंच ऐकत नाहीत. प्रशिक्षक दिवसभर ‘आगे, आगे’ ओरडत असतो तो यासाठी. नडगी बुटाच्या जिभेवर दाबलेली असेल तरच स्की वळतात. भीती वाटली की पुढे झुकायचं, हे डोक्याला पटतं पण पायांना पटायला तीन दिवस लागतात.

पडणार हे नक्की, तर बाजूला पडा, डोंगराच्या अंगाला, आणि हात टेकवू नका. काठी हातात असताना पंजा टेकला की अंगठा मुरगळतो. उठताना आधी दोन्ही स्की उताराला आडव्या आणि अंगाच्या खालच्या बाजूला आणा, मग कुशीवरून वर या. उताराकडे तोंड करून उठायला गेलात तर उभं राहता राहताच निघाल.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ड्रॅग लिफ्ट येते. तिच्या दांड्यावर बसायचं नसतं, तो नुसता मागून ओढतो. बसलात की आडवे झालात. पाचव्या-सहाव्या दिवशी जमलं तर गोंडोलाच्या पहिल्या टप्प्याने कोंगडोरीला जाऊन खाली उतरता येतं. दुसऱ्या टप्प्याला पहिल्या वर्षी स्की घेऊन जाऊ नका, बघायला खुशाल जा. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन आणि ठरावीक वेळेची असतात, हंगामात ती लवकर संपतात. जोराचा वारा सुटला किंवा रात्री खूप बर्फ पडला की वरचा टप्पा बंद राहतो, तेव्हा ते तिकीट सहलीच्या शेवटच्या दिवसाचं काढू नये.

दुसऱ्या टप्प्याबद्दल एवढं सांगायचं कारण वेगळं आहे. तिथे साफ केलेले, रंगीत खुणा लावलेले उतार नाहीत. वरचा डोंगर कच्चा आहे. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर ताजा बर्फ साठला, वाऱ्याने तो एका बाजूला लोटला, की त्याचा अख्खा थर फळीसारखा तुटून खाली येतो. फेब्रुवारी २०१० मध्ये गुलमर्गजवळ हिमस्खलनात लष्कराच्या प्रशिक्षण शाळेचे १७ जवान गेले. फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन स्कीअर दगावला. हे नवशिके नव्हते. स्की पेट्रोल या गस्तपथकाने बंद केलेली हद्द ओलांडायची नाही, आणि मोठ्या बर्फवृष्टीनंतरचे एक-दोन दिवस तर गाइड कितीही आग्रह करो, त्या बाजूला फिरकायचं नाही. पुढे कधी तिथवर मजल गेलीच, तर बर्फात गाडल्या गेलेल्याला शोधणारं ट्रान्सीव्हर यंत्र, फावडं आणि बर्फात खुपसून शोधायची काठी जवळ हवी, आणि ती वापरता यायला हवीत. गाडला गेलेला माणूस वाचतो तो बहुधा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत सोबत्यांनी काढला तरच.

घरातल्या सगळ्यांनाच स्की करायची असेल असं नाही. आईवडिलांना गोंडोलाचा पहिला टप्पा, स्लेज आणि बर्फातली चक्कर दोन दिवसांत पुरते. पुढे त्यांना त्याच खोलीत कोंडण्यापेक्षा श्रीनगरला पाठवा. मुलं पाच-सहा वर्षांची झाली की शिकू शकतात आणि मोठ्यांच्या कितीतरी पुढे जातात, कारण त्यांना पडायला फार खाली यावं लागत नाही.

किरकोळ वाटणाऱ्या दोन गोष्टींवाचून तिथे अडतं. महाराष्ट्रातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं. घरात निदान एक नंबर पोस्टपेड हवा. आणि रोख पैसे जवळ ठेवा, कारण बर्फ पडून वीज गेली की एटीएम आणि क्यूआर कोड दोन्ही रुसतात. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी बघता बघता उतरते.

काश्मीर नको असेल तर औली आहे. नंदादेवी समोर ठेवून शिकायचं सुख गुलमर्गलाही नाही. निगमाचे वर्ग नवशिक्याला सोयीचे, जेवण शाकाहारी माणसाला सोपं. पण ऋषिकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर, म्हणजे डोंगरातला अख्खा दिवस. जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथला प्रसिद्ध रोपवे बंद झाला, त्यामुळे वर रस्त्याने जायची तयारी ठेवा. बर्फही अलीकडे गुलमर्गपेक्षा तुटपुंजा. सोलांग नाल्यात मनालीला गेल्यासारखं एक-दोन तास करून बघायला हरकत नाही, मात्र आठवडा घालवायचा तर गर्दी सोसावी लागेल. परदेशात, विशेषतः आल्प्समध्ये, शिकणं सोपं असतं. रोज विंचरलेले उतार, निळ्या-लाल-काळ्या खुणा, मुलांच्या वेगळ्या शाळा. व्हिसा आणि बजेट जमत असेल, किंवा अमेरिकेतल्या मुलाकडे हिवाळ्यात जाणं होत असेल, तर जरूर करा. लिफ्टचा पास खिडकीवर काढण्यापेक्षा आधी ऑनलाइन काढला तर तिकडे बराच स्वस्त पडतो. जगात कुठेही स्की केलीत तरी नियम एकच, खालच्या माणसाचा हक्क पहिला. तुम्ही वरून येताय, तर त्याला चुकवायची जबाबदारी तुमची.

शेवटचा मुक्काम गुलमर्गला करू नका. विमानाच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत साहित्य परत करून, अनामत मोजून घेऊन श्रीनगरला उतरा. विमानतळाच्या बाहेरच्या फाटकापासूनच सामानाची तपासणी सुरू होते, म्हणून तीन तास हाताशी धरा. सकाळचं विमान नसेल तर पहाटे उठून जुन्या शहरात हरिसा खायला जा. रात्रभर शिजवलेलं हे मटण फक्त हिवाळ्यात आणि फक्त सकाळी मिळतं, नऊ-दहा वाजता गेलात तर भांडी घासलेली दिसतील.